वाडा गहाण की बिनतारणी? बडोद्यातून बाहेर शिकायला जाताना कर्ज कुठून घ्यावं

१९१३ साली सयाजीरावांनी बाबासाहेब आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठात पाठवलं, ते दरमहा साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीवर. तारण एकच होतं: परत आल्यावर दहा वर्षं संस्थानाची नोकरी. आता तारण म्हणजे दांडिया बाजारातला आजोबांचा वाडा, नाहीतर मांजलपूरचा फ्लॅट. साडेसात लाखांच्या वर सरकारी बँक सहसा ते मागतेच. विद्यापीठ बँकेच्या खास यादीत असेल तर सूट मिळू शकते, तेवढं आधी विचारून घ्या. खाजगी वित्तकंपनी घराचं नाव काढत नाही. ती आईवडिलांचा पगार, रिटर्न आणि सिबिल बघून पैसे देते. त्रास दोन्हीकडे आहे, फक्त त्याची वेळ वेगळी.

बँकेचा त्रास कागदांचा, आणि आपल्या गावात तो जरा जास्तच. बँकेच्या पॅनेलवरचा वकील मालकीच्या नोंदींचा तीस वर्षांपर्यंतचा सर्च काढतो. फ्लॅट असेल तर दस्तावेज, इंडेक्स-२, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट आणि बीयू (इमारत वापराची) परवानगी लागते; यातली बीयूच नेमकी जुन्या इमारतींकडे नसते. वाडा असेल तर प्रॉपर्टी कार्डावर अजून आजोबाच बसलेले असतात. मग पेढीनामा (वंशावळ), वारसाई आणि सगळ्या वारसांच्या सह्या. सगळ्या म्हणजे आत्यांच्याही. एखादी आत्या टोरंटोला असेल तर तिचं कुलमुखत्यारपत्र सहसा तिथल्या भारतीय वकिलातीतून साक्षांकित होऊन यायला हवं, आणि इथे पोचल्यावर तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक भरायला हवा. तळमजल्यावर पागडीचा भाडेकरू दुकान थाटून बसला असेल तर त्या वाड्याची आशा जवळजवळ सोडाच.

नावांचा घोळ आणखी वेगळा. इथल्या कागदांवर आईच्या नावाला ‘बेन’ चिकटलेलं असतं, पासपोर्टावर ते नसतं. त्यात लग्नात नाव बदललेलं, त्यामुळे शाळेच्या दाखल्यावरची बाई तिसरीच. तिघी एकच आहेत असं शपथपत्र करावं लागतं, आणि ते सर्च सुरू व्हायच्या आधी केलेलं बरं. नंतर वकिलाने शेरा मारला की फाइल पुन्हा खालपासून वर चढते. एफडी असेल तर यातलं बहुतेक टळतं. तिच्यावर बँकेचा बोजा नोंदवला की सर्च नको नि व्हॅल्युअर नको.

इथवर येऊन बरेच जण खाजगीकडे वळतात. तिथली गोम पहिली रक्कम सुटल्यानंतरच्या महिन्यात कळते: बहुतेक खाजगी कर्जांत शिक्षण चालू असतानाच व्याज, निदान त्याचा काही भाग, दरमहा भरावा लागतो. समजा इंग्लंडचा एक वर्षाचा कोर्स आहे, कर्ज ३० लाख. ऑगस्टमध्ये १५ लाख गेले, जानेवारीत उरलेले १५. दर १२ टक्के धरला आणि पूर्ण व्याज भरायचं ठरलं, तर पहिले पाच महिने १५,००० आणि त्यानंतर दरमहा ३०,००० रुपये सहकर्जदाराच्या खात्यातून कापले जातात. दोन वर्षांत ६,४५,०००, आणि मुद्दल अजून जागचं हललेलं नाही. पोरगं तिकडे आठवड्याचे वीस तास काम करून खोलीचं भाडं भरणार, म्हणजे हा हप्ता वडिलांच्या पेन्शनवर. एखाद्या महिन्यात खात्यात पैसे कमी पडले तर सिबिल दोघांचंही बिघडतं.

सरकारी बँकेत कोर्स आणि वर वर्षभर सहसा काहीच भरावं लागत नाही. १० टक्के धरले तर त्याच दोन वर्षांत सरळव्याजाने ५,३७,५०० साठतात आणि कर्ज ३५,३७,५०० होतं. फुकट काही नाही. पण भरायचं की साठू द्यायचं हे आपण ठरवतो, आणि भरलंच तर काही बँका दरात एक टक्का सवलतही देतात. ज्या घरात दरमहा तीस हजार बाजूला पडतात, त्यांना हा फरक जाणवणारही नाही. माझं पारडं मात्र याच हप्त्यापाशी झुकलं. बँक छळते ती एकदाच, विमानात बसायच्या आधी.

वेगात खाजगी सरस आहे, आणि रक्कमही ती बऱ्याचदा पूर्ण देते. बँक साधारण १५ टक्के तुमच्या खिशातून मागते. जर्मनीला हा वेग उपयोगी पडतो, कारण ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे राहण्याच्या खर्चासाठी अडकवून ठेवायच्या खात्यात, ११,९०४ युरो व्हिसाआधीच प्रत्यक्ष भरावे लागतात आणि व्हिसा नसताना पैसे सोडायला शाखा का-कू करू शकते. ती सोय मंजुरीपत्रातच लिहून घ्या. इंग्लंडला कर्जाचं पत्र चालतं, त्याला २८ दिवस पैसे खात्यात ठेवण्याची अट नाही. मात्र पत्र सहा महिन्यांच्या आतलं हवं, विद्यार्थ्याच्या नावाने हवं, आणि व्हिसा मिळण्याखेरीज दुसरी अट त्यात नको. बँकेच्या पहिल्या पत्रात ‘गहाण पूर्ण झाल्यावर’ ही ओळ हमखास असते. ते पत्र तसंच जोडू नका. गहाण नोंदलं की नवं मागून घ्या.

कराचं थोडक्यात: शैक्षणिक कर्जाच्या व्याजावरची सूट (१९६१ च्या प्राप्तिकर कायद्यातलं कलम ८०ई) जुन्या करपद्धतीतच आहे, आठ वर्षांपर्यंत, आणि ती बँकेच्या किंवा सरकारने अधिसूचित केलेल्या वित्तसंस्थेच्या कर्जाला मिळते. बाहेर पाठवलेल्या मोठ्या रकमेवरचा टीसीएस (पैसे पाठवतानाच बँक घेते तो कर) टळतो तोही अशाच कर्जावर. म्हणून खाजगी कंपनीला अधिसूचनेचा क्रमांक विचाराच. काकांनी दिलेले उसने पैसे दोन्हीत धरत नाहीत.

वाड्यावरून भावाभावांत बोलणं बंद असेल किंवा प्रवेश जूनमध्ये मिळाला असेल, तर बँकेच्या वाटेला न गेलेलंच बरं. एरवी सप्टेंबरच्या प्रवेशासाठी जानेवारीतच शाखेत जा. अर्ज भरण्याआधी प्रॉपर्टी कार्डाची झेरॉक्स पॅनेलवरच्या वकिलाला नुसती दाखवा. कर्ज नामंजूर झालं तरी सर्चची फी परत मिळत नाही.