मर्सिडीज २४० डी साठी जमवलेले जुने जर्मन पार्ट : चौदा महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

गाडी १९८१ ची मर्सिडीज २४० डी, म्हणजे डब्ल्यू १२३ मालिकेतली. उजव्या हाताचं स्टिअरिंग, चार गिअर. पार्ट जर्मनी, इंग्लंड आणि पुणे अशा तीन ठिकाणांहून जमवले. ते बसवून चौदा महिने झाले, त्यात एक अख्खा पावसाळा गेला. मत आधीच सांगून टाकतो : धातू, काच आणि कडक प्लास्टिक त्या काळचंच शोधा, त्यासाठी थांबा, पैसे मोजा. रबर मात्र आजचंच घ्या. पॅकबंद डबा, त्यावर मर्सिडीजचा तारा आणि १९८३ चं लेबल बघून मन विरघळतं, पण आतलं रबर तेवढ्याच वर्षांचं म्हातारं असतं.

शोधाशोध सुरू करण्याआधी गाडीचं डेटा कार्ड मिळवा. कारखान्यातून गाडी बाहेर पडताना रंग, सीटचं कापड, इंजिन नंबर आणि जादा सोयी काय होत्या ते त्यावर कोडमध्ये लिहिलेलं असतं. चॅसी नंबर १२३.१२३ ने सुरू झाला की ती २४० डी. पुढचा आकडा १ असेल तर डावं स्टिअरिंग, २ असेल तर उजवं. त्याच्या पुढे ० म्हणजे हाताचा गिअर, २ म्हणजे ऑटोमॅटिक. भारतातल्या गाडीसाठी यातला स्टिअरिंगचा आकडा फार महत्त्वाचा. डॅशबोर्ड, स्टिअरिंग बॉक्स, पेडलचा सेट आणि हेडलाइट हे जर्मनीतल्या गाडीचे आपल्याकडे चालत नाहीत. त्यासाठी इंग्लंडमधले गाड्या तोडणारे किंवा दक्षिण आफ्रिका गाठावी लागते. डब्ल्यू १२३ ची जोडणी तिथल्याच ईस्ट लंडन नावाच्या शहरात होत होती, त्यामुळे उजव्या स्टिअरिंगचा माल तिकडे आहे. फक्त इंग्लंडचं स्पीडोमीटर मैलाचं असतं हे लक्षात ठेवा. शिवाय मीटर गाडीच्या एक्सलच्या प्रमाणाशी (चाकाच्या एका फेऱ्यामागे शाफ्टचे किती फेरे) जुळावं लागतं. २४० डी चं प्रमाण ३.६९ आहे. ३०० डी चं मीटर लावलं तर वेगही चुकतो आणि किलोमीटरही.

पार्ट नंबर वाचायला अर्धा तास दिला तर पुढचे कितीतरी हजार वाचतात. आधी 'ए', मग दहा आकडे. पहिले तीन मॉडेलचे, पुढचे दोन गटाचे : ३२ सस्पेन्शन, ४२ ब्रेक, ५० रेडिएटर, ८२ इलेक्ट्रिक, ८८ बंपर-मडगार्ड. शेवटी आणखी चार आकडे असतील तर तो रंगाचा कोड, आणि आतल्या सजावटीत तोच निर्णायक. पहिले तीन आकडे १२३ नसून ११५ किंवा ११६ दिसले म्हणून घाबरू नका. आधीच्या मॉडेलचे बरेच भाग १२३ मध्ये जसेच्या तसे आले.

डबा नव्हे, पार्ट बघा. मर्सिडीजला पार्ट पुरवणाऱ्या लेमफर्डर कंपनीचा वरचा कंट्रोल आर्म (सस्पेन्शनमधला चाक धरणारा दांडा) हे चांगलं उदाहरण. मर्सिडीजच्या डब्यात आला की त्यावर तारा ठसठशीत उमटलेला असतो. लेमफर्डरच्या स्वतःच्या डब्यात आलेल्या आर्मवर त्याच जागी एक छोटा चकचकीत चट्टा दिसतो. तो ग्राइंडरने तारा घासून काढल्याचा. बोट फिरवलं की खळगा लागतो. घडण तीच, बॉल जॉइंट तोच, किंमत बरीच कमी. असे दोन आर्म बसवले, चौदा महिन्यांत रबरी टोपी फाटली नाही की खुळखुळ आली नाही. त्या जागी आधी बसवलेल्या स्वस्त नकलेची टोपी सहा महिन्यांत चिरली, ग्रीस बाहेर आलं आणि जॉइंट ढिला झाला. आर्म बसवताना एक पथ्य पाळा : बुशचे (आर्मच्या टोकातल्या रबरी नळकांड्याचे) बोल्ट गाडी जॅकवर असताना शेवटपर्यंत आवळू नका. चाकं जमिनीवर, गाडीचं वजन चाकांवर, मग आवळा. नाहीतर बुश कायमचं पिळलेलं राहतं आणि वर्षाच्या आत फाटतं.

प्लास्टिकच्या भागांवर, दिव्यांच्या काचांच्या आतल्या बाजूला किंवा व्हेंटच्या मागे, घड्याळासारखं छोटं वर्तुळ असतं. मधे वर्ष, कडेला महिने, बाण ज्याच्याकडे तो बनवल्याचा महिना. गाडी १९८१ ची आणि टेललाइटवर १९८४ असेल तर तो दिवा बदललेला आहे. वापरात काही बिघडत नाही, पण 'कारखान्यातून आलेलाच' म्हणून जादा पैसे मागितले तर देऊ नका.

आता रबर. गिअरबॉक्सकडून मागच्या एक्सलकडे जाणाऱ्या प्रोपेलर शाफ्टच्या दोन्ही टोकांना रबराची जाड चकती असते, गॅरेजवाले तिला रबर कपलिंग म्हणतात. न वापरलेल्या जुन्या साठ्यातली एक पुढे बसवली होती, डबा बघून कुणालाही मोह पडावा अशी. पाच महिन्यांत भोकांभोवती केसासारख्या भेगा दिसल्या आणि ६० च्या पुढे गाडीच्या तळाशी थरथर सुरू झाली. रबर शेल्फवर पडूनही हवेतल्या ऑक्सिजनने कडक होतं, तेल सुकतं, आतले धागे सुटतात. आता दोन्ही टोकांना एसजीएफ कंपनीच्या आजच्या चकत्या आहेत. मूळ पुरवठादार तोच, त्यामुळे अस्सलपणाही गेलेला नाही. नट दरवेळी नवेच घ्या, ते स्वतः लॉक होणारे असतात आणि एकदाच धरतात. शाफ्टच्या मधला मोठा नट सगळ्यात शेवटी, गाडी पुढे-मागे ढकलून शाफ्ट आपल्या जागी बसल्यावरच आवळा.

इंजिन माउंट, ब्रेक होज, व्हॅक्यूमचे रबरी जोड यांनाही हाच नियम. या गाडीत चावी बंद केल्यावर इंजिन व्हॅक्यूमने थांबतं आणि दारांची कुलुपंही त्याच्यावरच चालतात. एखादा जोड कडक होऊन हवा गळाली की चावी काढूनही इंजिन धडधडत राहतं. व्हॅक्यूमच्या नळीत तेल दिसलं तर डिझेल पंपावरच्या, इंजिन बंद करणाऱ्या व्हॉल्व्हचा पडदा फाटलाय, नळी बदलून उपयोग नाही. इंजिनात डिझेल फवारणाऱ्या नोजलवरून परत जाणाऱ्या डिझेलसाठी ३.२ मिलिमीटरचा विणीचा जर्मन होज घ्या. चार सिलिंडरला एक मीटर घेतला तर उरतो. साधा रबरी पाइप उष्णतेने फुगून टपकायला लागतो.

हेडलाइटसाठी सर्वाधिक वेळ गेला. सप्टेंबर १९८२ च्या आधीच्या २४० डी ला लहान-मोठे गोल दिवे, नंतर चौकोनी. बनवणारे दोन : बॉश आणि हेला. डावीकडे एक, उजवीकडे दुसरा लावला की काचेच्या रेघांतला फरक समोरून लगेच कळतो. पण खरी अडचण झोताची आहे. जर्मनीतल्या दिव्याचा झोत उजव्या कडेला वर चढतो, म्हणजे आपल्याकडे थेट समोरच्याच्या डोळ्यात. काचेवरच्या गोलातल्या 'ई' खुणेजवळ बाण शोधा. समोरून बघताना उजवीकडे जाणारा बाण असेल तर दिवा डावीकडून चालणाऱ्या रस्त्यांसाठी आहे. बाणच नसेल तर तो आपल्या कामाचा नाही, कितीही चकचकीत असो. जाहिरातीतल्या फोटोत ही खूण दिसत नसेल तर विक्रेत्याकडून जवळून काढलेला फोटो मागवा.

इंजिनाच्या बाबतीत पुण्याच्या माणसाला एक सोय आहे, तिचा उपयोग विचार करून करा. २४० डी चं इंजिन ओएम ६१६. हेच इंजिन बजाज टेम्पोने, म्हणजे आताच्या फोर्स मोटर्सने, परवान्यावर भारतात बनवलं आणि ट्रॅक्स, ट्रॅव्हलरमध्ये घातलं. त्यामुळे आतल्या कामाचे काही भाग इथेच मिळतात आणि या इंजिनावर हात बसलेले फिटरही भेटतात. मात्र ऑगस्ट १९७८ मध्ये मर्सिडीजने बोअर (सिलिंडरचा व्यास) ९१.० वरून ९०.९ मिलिमीटर केला, २४०४ सीसीचं २३९९ सीसी झालं आणि ६५ ची ताकद ७२ अश्वशक्ती झाली. म्हणून पिस्टन घेण्याआधी मायक्रोमीटर लावा, दुकानदाराच्या तोंडी शब्दावर जाऊ नका. बाहेरून दिसणारे भाग, ब्रॅकेट, पाइप, फिल्टरची हाउसिंग, जर्मनच ठेवा. बॉनेट उघडल्यावर नजर तिथेच जाते.

नोजल बॉशचे डीएन० एसडी २४०. पंपवाल्याकडून चारही ११५ ते १२५ बार दाबावर, एकमेकांशी जुळवून घ्या. खालची पातळ उष्णतारोधक चकती एकदाच वापरायची, जुनी पुन्हा लावली की धूर मागे येतो आणि नोजल जळतो. डिझेल पंपाचं टायमिंग २४ अंश. व्हॉल्व्हची फट थंड इंजिनवर इनलेट ०.१०, एक्झॉस्ट ०.३० मिलिमीटर. एवढं झाल्यावर डिसेंबरच्या पहाटेही पहिल्याच चावीला इंजिन धरतं. जुना बॉश नोजल मिळाला तरी टेस्ट बेंचवर चढवल्याशिवाय बसवू नका, फवारा धारेसारखा पडत असेल तर प्रीचेंबर (डिझेल आधी पेटतं ती छोटी खोली) खराब होतो.

रेडिएटर बेहर कंपनीचाच घ्या पण नवा. जुन्याचा वरचा प्लास्टिकचा गळा होज काढताना मोडतो, आणि मोडतो तो नेमका घाटात. नव्या काहींत गळ्याच्या आत धातूची नळी असते, तसा मिळाला तर सोडू नका.

फुक्स कंपनीची अलॉय चाकं शोधणाऱ्यांसाठी : साडेपाच जे बाय १४ (साडेपाच इंच रुंद, १४ इंच व्यास), आतल्या बाजूला तारा आणि पार्ट नंबर कोरलेला. बोल्ट लांब लागतात. स्टेपनी लोखंडी असेल तर डिकीत छोट्या बोल्टांचा संच ठेवाच, कारण लांब बोल्ट लोखंडी चाकाला लावले तर मागे ते आत जाऊन हँडब्रेकच्या भागांना अडतात. आवळण ११० न्यूटन मीटर.

खरेदीची जागा म्हणाल तर मानहाइमचा ऑक्टोबरमधला वेटेरामा बाजार आणि एसेनचं वसंतातलं टेक्नो-क्लासिका प्रदर्शन, आणि अधिकृत मालासाठी मर्सिडीजचं फेलबाखचं क्लासिक सेंटर. जाहिरातीत 'नाखबाउ' लिहिलं असेल तर ती नक्कल. 'एर्स्टआउसर्युस्टर क्वालिटेट' म्हणजे मूळ पुरवठादाराच्या दर्जाचा, मूळ पुरवठादाराचा नव्हे. भाव करताना हे दोन शब्द समजले की निम्मी फसवणूक टळते. व्यापारी माल युरोपाबाहेर पाठवत असेल तर १९ टक्के कर वजा करायला सांगा, निर्यातीचा कागद तो स्वतः करतो. खाजगी विक्रेत्याच्या किमतीत हा कर धरलेलाच नसतो. एका व्यापाऱ्याने काचेचा दिवा नुसत्या वर्तमानपत्रात गुंडाळून धाडला, फुटून आला आणि भरपाई नाकारली. तेव्हापासून दुहेरी खोका आणि मधे चार बोटं फोम, हे पैसे देण्याआधी लेखी घेतो.

अजून समाधान न झालेला एक भाग उरलाय : पुढचं मडगार्ड. नकली पत्रा बोनेटच्या कडेला मागून तीन मिलिमीटर उघडा राहतो आणि दाराच्या रेषेला लागत नाही. मूळ मडगार्ड मिळाल्याशिवाय रंगाचं काम पुढे नेणार नाही.