अंडी कुठली घ्यायची: ट्रेमधली, 'फ्री रेंज' की गावरान?

चव आणि प्रथिनं बाजूला ठेवू. कोंबडी कशी वाढली हे जाणून मगच अंडं घ्यायचं असेल, तर कोण किती खरं सांगतं एवढंच बघायचं.

किराणा दुकानातली ट्रेमधली पांढरी अंडी बहुतेक पिंजऱ्यातल्या कोंबड्यांची. खाली तार, बाजूला दुसरी कोंबडी, पंख पसरायला जागा नाही. कुठल्या शेडची, हे दुकानदारालाही माहीत नसतं. पण निदान हिरव्या कुरणाचं चित्र छापून कुणी फसवत नाही.

पॅकबंद अंड्यांना जास्त पैसे मोजता, म्हणून तिथे शब्द नीट वाचा. 'फार्म फ्रेश'ला काहीच अर्थ नाही. पिंजऱ्यांची शेडही फार्मच असते. 'केज फ्री' म्हणजे पिंजरा नाही, पण बंद शेडमध्ये तुसावर हजारो कोंबड्या असू शकतात. 'फ्री रेंज' म्हणजे बाहेर सोडतात असा दावा. तो कुणी तपासला हे खोक्यावर नसेल, तर तुम्ही नुसता शब्द विकत घेताय.

बहिणीने जर्मनीहून अंड्याचा फोटो पाठवला होता. कवचावरच शिक्का: आधी 2, मग देशाची दोन अक्षरं, मग फार्मचा क्रमांक. 0 सेंद्रिय, 1 बाहेर मोकळी, 2 बंद शेड, 3 पिंजरा. युरोपीय संघात 2004 पासून हे सक्तीचं आहे, आणि 1 लिहायचं तर कोंबडीमागे बाहेर 4 चौरस मीटर जागा द्यावी लागते. आपल्याकडे असा सक्तीचा आकडा नाही. तो यायलाच हवा, असं मला मनापासून वाटतं.

गावरानच्या नावाखाली सगळ्यात जास्त फसगत होते. तपकिरी कवच म्हणजे गावरान, हा गैरसमज आहे. कवचाचा रंग जातीवर ठरतो, आणि तपकिरी अंडी देणाऱ्या जातीही पिंजऱ्यात ठेवता येतात. बलक केशरी दिसतो तो खाद्यामुळे. झेंडूचा अर्क घातला तरी दिसतो. खरी खूण आकड्यात आहे. लेअर, म्हणजे खास अंड्यांसाठी पाळलेली कोंबडी वर्षाला 300च्या आसपास अंडी देते, देशी कोंबडी शंभरीही क्वचितच गाठते आणि मधेच खुडूक होते, म्हणजे अंडी द्यायचं थांबवून उबवायला बसते. बारमाही, एका मापाची, ट्रे भरभरून 'गावरान' अंडी मिळत असतील, तर विचारा कुठून येतात.

विचारायचं म्हणजे थेट जाऊन बघायचं. मोठ्या शेडवाल्याने आत सोडलं नाही तर लगेच संशय घेऊ नका. 2006 मध्ये नवापूरला बर्ड फ्लू आला, तेव्हापासून बाहेरच्या माणसाबरोबर रोग आत येण्याची भीती खरी आहे. पण व्हिडिओ कॉलवर शेड दाखवायला हरकत नसावी. चोची छाटल्यात का, बसायला दांडी आहे का, धुळीत लोळायला जागा आहे का, एवढं बघा. नर पिल्लांचं काय होतं तेही विचारा. लेअरच्या हॅचरीत ती पहिल्याच दिवशी मारतात, मग मादी पुढे पिंजऱ्यात जावो की कुरणात.

मी स्वतः तालुक्याच्या बाजारात बसणाऱ्या एका मावशींकडून घेते. एकदा दिवेलागणीला त्यांच्या घरी गेले, तेव्हा त्या कोंबड्या डालत होत्या. एक शेवग्यावर चढून बसली होती, उतरायलाच तयार नव्हती. मागच्या आठवड्यात मावशी म्हणाल्या, "दोघी खुडूक बसल्यात, आता महिनाभर चारच मिळतील." मी चार घेऊन आले.