बर्फाच्या पाण्यात बरोबर शून्य दाखवणारा तापमान नियंत्रक

वरूड तालुक्यातील आमचा बचत गट मृग बहाराच्या (पावसाळी फुलोऱ्याच्या) उरलेल्या बारीक संत्र्यांपासून व्हिनेगर करतो. त्यात आधी यीस्टकडून रसातील साखरेचा मद्यार्क होतो आणि मग जिवाणू त्याचे आम्ल करतात. पहिल्या टप्प्यात तापमान वाढले की यीस्ट घाईने काम करते, संत्र्याचा वास उडतो आणि उग्र दर्प उरतो. ही फळे उन्हाळ्याच्या तोंडावर येत असल्याने जुन्या फ्रिजला बाहेरून तापमान नियंत्रक, म्हणजे ठरवलेल्या तापमानानुसार फ्रिज चालू-बंद करणारे यंत्र, जोडणे भाग होते. परदेशात घरी बिअर करणारे लोक हेच करतात, त्यामुळे त्यांच्यात चालणारा एसटीसी-१००० या धाटणीचा नियंत्रक आम्ही शहरातील एका विक्रेत्याकडून साडेचार हजार रुपयांना घेतला.

एवढी किंमत यंत्राची नव्हती, सोबतच्या ‘अचूकता प्रमाणपत्राची’ होती. विक्रेत्याने आमच्यासमोर सेन्सर बर्फाच्या पाण्यात बुडवला, पडद्यावर ०.० आले आणि शंकेला जागाच उरली नाही.

फसवणूक नेमकी तिथेच होती. या नियंत्रकात एफ-४ नावाची दुरुस्तीची सेटिंग असते, आणि तिच्यात भरलेला आकडा सेन्सरच्या प्रत्येक मोजणीत मिळवला जातो. आमच्या यंत्रात तिथे उणे ३.३ भरलेले निघाले. मूळ सेन्सर काढून दुसऱ्या जातीचा स्वस्त सेन्सर लावला होता. असा सेन्सर आपल्या विजेच्या रोधावरून तापमान सांगतो. २५ अंशांना दोन्हींचा रोध सारखाच असतो, पण तापमानाबरोबर तो बदलण्याचा वेग वेगळा असतो. त्यामुळे हा बदललेला सेन्सर शून्याला जुळवून घेतला की तापमान वाढेल तसा खऱ्यापेक्षा कमी दाखवत जातो. पडद्यावर २५ असताना फ्रिजमध्ये जवळजवळ २९ अंश होते. त्यात सेन्सर हवेत टांगायचा, असा सल्लाही विक्रेत्यानेच दिला होता. आंबताना रस स्वतः उष्णता सोडतो आणि भोवतालच्या हवेपेक्षा काही अंश गरम असतो, म्हणून सेन्सर पिंपाच्या बाहेरील अंगाला चिकटवून वरून थर्माकोल बांधावा लागतो. आमचे पूर्ण पिंप वाया गेले.

लबाडी उघडी पाडली ती ताप मोजण्याच्या साध्या थर्मामीटरने. त्याच्यावर ३७ अंश दाखवणाऱ्या कोमट पाण्यात हे यंत्र ३२ दाखवत होते. नियंत्रक घेताना बर्फ आणि कोमट पाणी अशा दोन्ही ठिकाणी तपासणी करून मागावी, एफ-४ मधील आकडा विचारावा आणि प्रमाणपत्रावरील अनुक्रमांक यंत्रावर आहे का ते पाहावे. आमच्या यंत्रावर अनुक्रमांकच नव्हता. तेच प्रमाणपत्र, त्याच क्रमांकासह, शेजारच्या गावातील एका दूध संकलकालाही मिळाले आहे.

पैसे परत मागितल्यावर ‘धंद्यासाठी घेतलेल्या वस्तूला ग्राहक कायदा लागत नाही’ असे उत्तर मिळाले. ते अर्धसत्य आहे, कारण २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात स्वयंरोजगारातून उपजीविकेसाठी घेतलेली वस्तू वगळलेली नाही. तक्रार दोन वर्षांच्या आत आणि आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे करता येते, विक्रेत्याच्या शहरात खेटे घालावे लागत नाहीत. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करावी. पावतीवर त्याने ‘इलेक्ट्रिक सामान’ एवढेच लिहिले होते, म्हणून यंत्राचे नाव आणि अचूकतेचा दावा पावतीवरच लिहून घ्यावा.