एएमएलची पहिली केमो: ७+३ की अ‍ॅझा-व्हेन? नाशिकच्या रुग्णासाठी परीक्षण

अक्यूट मायलॉइड ल्युकेमिया (एएमएल) या रक्ताच्या कर्करोगाचं निदान झालं की घरचे विचारतात, "कडक केमो द्यायची की गोळीवाली?" कडक म्हणजे ७+३, गोळीवाली म्हणजे अ‍ॅझा-व्हेन. गोळीवाली म्हणजे सौम्य, हा समज सर्वांत जास्त घात करतो. दोन्हींत पांढऱ्या पेशी तळाला जातात. १००.४ फॅरनहाइट ताप आला की दोन्हींत तासाभराच्या आत शिरेतून अँटिबायोटिक सुरू व्हावं लागतं.

त्याआधी एपीएल (अक्यूट प्रोमायलोसायटिक ल्युकेमिया) आहे का, हे बघायलाच हवं. तो एएमएलचाच उपप्रकार, पण त्याचे उपचार वेगळे: एट्राच्या गोळ्या आणि आर्सेनिक. स्लाइडवर नुसता संशय आला तरी रिपोर्टची वाट न बघता एट्रा त्याच दिवशी सुरू व्हावी, कारण सुरुवातीच्या दिवसांतच रक्तस्रावाने जीव जातो. इतर एएमएलमध्ये रुग्ण स्थिर असेल आणि पेशी फार वाढलेल्या नसतील, तर जनुकीय रिपोर्टसाठी काही दिवस थांबणं शहाणपणाचं. फ्लिट-३ आणि एनपीएम-१ ही जनुकं आणि कॅरिओटाइप (गुणसूत्रांची तपासणी) यांवर निवड बरीचशी ठरते. नमुना बाहेरगावच्या लॅबला जाणार असेल तर आठवड्याच्या सुरुवातीला काढून घ्या, नाहीतर रविवार आडवा येतो.

७+३ ही १९७३ पासूनची पद्धत. सायटाराबिन सात दिवस, चोवीस तास पंपावर, १०० ते २०० मिग्रॅ प्रति चौरस मीटर. पहिले तीन दिवस सोबत डॉनोरुबिसिन ६० ते ९०. शरीराचं क्षेत्रफळ १.६ असेल तर १०० च्या हिशेबाने सायटाराबिन रोज १६० मिग्रॅ. डॉनोरुबिसिन शिरेबाहेर गळलं तर कातडी आणि मांस जळतं, म्हणून पिक लाइन किंवा सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेपर्यंत जाणारी नळी) घातलेलीच बरी. ते हृदयालाही जड जातं, म्हणून आधी टूडी एको (हृदयाची सोनोग्राफी) हवाच. औषधं जुनी आणि स्वस्त. बिल वाढतं ते पुढच्या चार-पाच आठवड्यांत, प्लेटलेट्स, अँटिबायोटिक आणि बुरशीविरोधी औषधांवर. फ्लिट-३ मध्ये बिघाड असेल तर आठव्या ते एकविसाव्या दिवसापर्यंत मिडोस्टॉरिन ५० मिग्रॅ दिवसातून दोनदा.

अ‍ॅझा-व्हेन म्हणजे अ‍ॅझासायटिडिन ७५ मिग्रॅ प्रति चौरस मीटर सात दिवस आणि व्हेनेटोक्लॅक्सच्या गोळ्या. अठ्ठावीस दिवसांचं चक्र. २०२० च्या व्हिआले-ए चाचणीत ७५ वर्षांवरच्या किंवा कडक केमो न झेपणाऱ्या रुग्णांचं मध्यक आयुष्य नुसत्या अ‍ॅझासायटिडिनवरच्या ९.६ वरून १४.७ महिन्यांवर गेलं. १.६ क्षेत्रफळाच्या रुग्णाला अ‍ॅझासायटिडिन १२० मिग्रॅ लागतं, म्हणजे १०० च्या दोन व्हायल आणि ४.८ मिली द्रव. ४ मिलीच्या वर गेलं की दोन सिरिंज, दोन जागा. कालवलेलं औषध बाहेर तासाभरापेक्षा जास्त ठेवू नये. डे-केअर शनिवार-रविवार बंद असेल तर पाच दिवस, दोन दिवस खंड, मग उरलेले दोन, हा मार्ग चालतो.

सर्वांत जास्त चुका होतात गोळ्यांच्या मात्रेत. सुरुवात १००, २००, ४०० अशी चढती. त्याआधी पेशी २५ हजारांखाली आणायच्या, आणि मात्रा चढेपर्यंत पोटॅशियम, फॉस्फेट, युरिक अ‍ॅसिड पुन्हा पुन्हा तपासायचं; पेशी झपाट्याने मेल्या की हे रक्तात वाढतं. पोसाकोनॅझोल हे बुरशीचं औषध चालू असेल तर पूर्ण मात्रा ७० मिग्रॅ: ५० ची एक, १० च्या दोन. व्होरिकोनॅझोलसोबत १००. बुरशीचं औषध बदललं आणि मात्रा तीच राहिली, तर पेशी आठवडेच्या आठवडे वर येत नाहीत किंवा औषध अपुरं पडतं. ग्रेपफ्रूट वर्ज्य; नाशिकची द्राक्षं त्यात येत नाहीत. पहिल्या चक्राच्या शेवटी बोन मॅरो करायलाच हवी. ब्लास्ट (कर्करोगाच्या अपक्व पेशी) ५ टक्क्यांखाली आणि पेशी कमी असतील तर गोळी थांबवून पेशी वर येऊ द्यायच्या.

आमचा कौल असा: साठीच्या आतला धडधाकट रुग्ण, विशेषतः ८;२१ किंवा इन्व्हर्शन-१६ हे गुणसूत्रांतले बदल असलेला, ७+३ च घ्यावा. हृदय कमजोर असेल किंवा वय पंचाहत्तरीपुढे असेल तर अ‍ॅझा-व्हेन. मधल्या वयात जनुकं काय सांगतात ते बघून ठरवावं. टीपी-५३ जनुक बिघडलेलं असेल तर दोन्ही तोकडे पडतात, तेव्हा झेपणाऱ्या रुग्णासाठी बोन मॅरो ट्रान्सप्लांटचा दाता शोधायला लगेच लागावं.

७+३ नाशिकमध्ये करायची तर हॉस्पिटलला तीन प्रश्न विचारा: रात्री दोनला एसडीपी (एकाच दात्याकडून काढलेल्या प्लेटलेट्सची पिशवी) मिळेल का, ती इरॅडिएटेड (किरणांतून काढलेली) असेल का, आयसीयू त्याच इमारतीत आहे का. एकाचंही उत्तर 'नाही' आलं तर कसारा उतरून टाटाचं परळ किंवा खारघर गाठलेलं बरं. अ‍ॅझा-व्हेन इथे नीट होऊ शकते, पण मात्रा चढेपर्यंत भरती हवी. सुरगाणा-पेठकडच्या रुग्णाने पहिलं चक्र संपेपर्यंत शहरातच खोली घ्यावी. रात्री ताप चढल्यावर घाटरस्त्याने येण्यात अँटिबायोटिकचा तो तास निघून जातो. सिंहस्थाच्या कामांनी रस्ते खणलेले असताना खोली धुळीपासून लांब बघा, अ‍ॅस्परजिलस बुरशी तिथूनच फुप्फुसात जाते. एसडीपीसाठी त्याच गटाचे सहा-आठ दाते तयार ठेवा. त्यांत सख्खी भावंडं नकोत, ट्रान्सप्लांटला तीच लागू शकतात.