20 लाखांची ठेव कुठे ठेवावी: पतसंस्था, नागरी सहकारी बँक की राष्ट्रीयीकृत बँक?

बेदाण्याचे किंवा हळदीचे पैसे आले, ग्रॅच्युइटी हातात पडली, की सांगली-साताऱ्यात पहिला प्रश्न ठरलेला असतो: व्याज कोण जास्त देतंय? गावातली पतसंस्था बहुतेक वेळा राष्ट्रीयीकृत बँकेपेक्षा टक्का-दीड टक्का पुढे असते, नागरी सहकारी बँक दोघींच्या मध्ये कुठेतरी. 20 लाखांवर दीड टक्का म्हणजे वर्षाला 30 हजार रुपये. निवृत्त माणसाला ही रक्कम लहान नाही. म्हणूनच ती कुठून येते, हे आधी पाहायला हवं.

बँक सहकारी असो वा सरकारी, ती नफ्यावर आयकर भरते. सहकारी बँकांना पूर्वी यात सूट होती, ती 2006 च्या अर्थसंकल्पाने काढून घेतली. पतसंस्थांची सूट मात्र टिकली. सभासदांना दिलेल्या कर्जावरचं उत्पन्न त्यांना वजावटीत दाखवता येतं, आणि जानेवारी 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सहकारी पतसंस्थांचा हा हक्क मान्य केला. शिवाय बँका ठेव विमा महामंडळाकडे हप्ता भरतात. 2020 पासून त्याचा दर 100 रुपयांमागे वर्षाला 12 पैसे होता, आणि तो ठेवीदाराकडून वसूल करता येत नाही. पतसंस्थेला हा हप्ता नाही, कारण तिथे विमाच नाही. म्हणजे जास्तीच्या व्याजातला काही भाग कराच्या सवलतीतून येतो आणि काही भाग तुम्ही स्वतः पत्करलेल्या धोक्याची किंमत असते. पहिल्याबद्दल माझी काही तक्रार नाही, सहकाराला ती सवलत मिळावीच. दुसरा भाग मात्र ठेवीच्या पावतीवर कुठेही छापलेला नसतो.

अडचण आली तर काय होतं?

याचं उत्तर आपल्याच भागात मिळतं. साताऱ्याची युनायटेड वेस्टर्न बँक 2 सप्टेंबर 2006 रोजी निर्बंधांखाली गेली, म्हणजे खात्यातून पैसे काढण्यावर मर्यादा आली, आणि 3 ऑक्टोबरला ती आयडीबीआयमध्ये विलीन झाली. महिन्याभरात ठेवीदार मोकळे झाले, पूर्ण पैशांसह. कराड जनता सहकारी बँकेवर नोव्हेंबर 2017 मध्ये निर्बंध आले आणि डिसेंबर 2020 मध्ये परवाना रद्द झाला. तीन वर्षं! 99 टक्क्यांहून अधिक ठेवीदारांना विम्यातून पूर्ण रक्कम मिळेल, असं रिझर्व्ह बँकेने तेव्हा सांगितलं. पण त्यामागे एक योग होता. विम्याची मर्यादा फेब्रुवारी 2020 मध्येच 1 लाखावरून 5 लाखांवर गेली होती. सांगलीच्या वसंतदादा शेतकरी सहकारी बँकेचा परवाना गेला तेव्हा ती 1 लाखच होती.

2021 च्या दुरुस्तीनंतर निर्बंध लागल्यापासून साधारण 90 दिवसांत विम्याची रक्कम मिळायला हवी, त्यामुळे नागरी बँकेतला ठेवीदार आज पूर्वीपेक्षा बराच सुरक्षित आहे. मात्र 5 लाखांच्या वरचे पैसे अवसायकाच्या (बुडालेल्या बँकेचा कारभार गुंडाळायला नेमलेल्या अधिकाऱ्याच्या) वसुलीवर किंवा विलीनीकरणाच्या योजनेवर अवलंबून राहतात. बुडालेल्या पीएमसी (पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह) बँकेच्या मोठ्या ठेवीदारांना ते दहा वर्षांपर्यंत हप्त्याहप्त्याने घ्यावे लागणार आहेत.

पतसंस्थेत पहिले 5 लाखही नाहीत. तिथे देखरेख राज्याच्या सहकार खात्याची, आणि पैसे परत मिळणार ते थकीत कर्ज जसं वसूल होईल तसे.

याच ठिकाणी मला सायप्रसची आठवण होते. तो देश युरो वापरतो, पण ठेवींची हमी त्याची त्यालाच द्यावी लागते. मार्च 2013 मध्ये त्याच्या दोन मोठ्या बँका कोसळल्या. स्वतःचं चलन नाही आणि तिजोरी अपुरी, म्हणून सरकारने आधी सरसकट ठेवींवरच कर सुचवला: 1 लाख युरोपर्यंत 6.75 टक्के, त्यावर 9.9 टक्के. संसदेने तो फेटाळला. शेवटी बँक ऑफ सायप्रसमधल्या 1 लाख युरोवरच्या ठेवींपैकी 47.5 टक्के रकमेचे शेअर करून ठेवीदारांच्या हाती दिले गेले. चलन सगळ्यांचं एक, हमी मात्र ज्याची त्याची. युरो वापरणाऱ्या देशांनी नंतर बँकांकडून वर्गणी घेऊन समाईक निधी उभारला, पण ठेवींचा विमा त्यांनी अजून एक केलेला नाही.

आपल्याकडे बँकेच्या बाबतीत हे कोडं सुटलेलं आहे. कराडची बँक बुडाली तर पैसे देशभरच्या बँकांनी भरलेल्या हप्त्यांतून येतात, एकट्या महाराष्ट्राच्या तिजोरीतून नाही. पतसंस्थेचा ठेवीदार मात्र रुपया तोच वापरूनही या समाईक निधीच्या बाहेर राहतो. व्याजदराचा तक्ता पाहण्याआधी एवढं पाहाच.

तुमच्या व्याजावरचा कर

एप्रिल 2025 पासून बँकेत वर्षाला 50 हजारांपर्यंतच्या व्याजावर टीडीएस कापत नाहीत, ज्येष्ठांसाठी ही मर्यादा 1 लाख आहे. लहान पतसंस्था सभासदाच्या व्याजावर टीडीएस कापतच नाही, म्हणून ते करमुक्त असल्याचा समज गावोगाव आहे. तो चुकीचा आहे. विवरणपत्रात ते व्याज दाखवावंच लागतं.

मी कसं वाटेन

20 लाखांपैकी निम्मे राष्ट्रीयीकृत बँकेत किंवा टपाल खात्यात. वय 60 च्या पुढे असेल तर आधी टपालाची ज्येष्ठ नागरिक बचत योजना बघा. 2025 मध्ये तिचा दर 8.2 टक्के होता, मर्यादा 30 लाख आहे आणि मागे थेट भारत सरकार उभं आहे. पतसंस्थेच्या दराचं आकर्षण तिथेच बरंचसं ओसरतं.

उरलेले चांगल्या नागरी बँकेत, पण मर्यादा सांभाळून. 5 लाखांत मुद्दल आणि व्याज दोन्ही धरतात, आणि एका बँकेच्या सगळ्या शाखा मिळून एकच मर्यादा असते. पाच वर्षांची 7 टक्क्यांची तिमाही चक्रवाढ ठेव करायची असेल तर साडेतीन लाखच ठेवा, मुदतीअखेर ते 4 लाख 95 हजार होतात. पती, पत्नी, संयुक्त आणि नावांचा क्रम उलटा करून संयुक्त, अशी खाती विम्यासाठी वेगवेगळी धरली जातात. बँकेचे शेअर घेतले असतील तर ती रक्कम विम्यात येत नाही.

पतसंस्थेला मी पूर्ण नाही म्हणणार नाही. दारात येणारा पिग्मी एजंट आणि तासाभरात मिळणारं सोनेतारण कर्ज यांनी कितीतरी दुकानदारांना आणि शेतकऱ्यांना सावकारापासून वाचवलं आहे. तिथे खातं ठेवा, पण वर्षभर अडकले तरी घर चालेल एवढेच पैसे. वार्षिक अहवालात लेखापरीक्षणाचा वर्ग (अ ते ड, त्यात अ सर्वांत चांगला) आणि थकबाकी बघा, आणि संचालकांच्या नातेवाइकांना किती कर्ज दिलंय ते सर्वसाधारण सभेत उभं राहून विचारा. सभासद म्हणून तो तुमचा हक्क आहे. उत्तर टाळलं गेलं, तर ठेव मुदत संपताच काढून घ्या.