सोनाराचं भिंग, दहा महिने आणि आमच्या कुंड्या

गेल्या जूनमध्ये मांडवीच्या बाजारातून 10 पटीचं भिंग घेतलं. सोनार खडे पाहायला वापरतात ते. मला हवं होतं झाडांसाठी. त्याआधी एक स्वस्तातलं मागवलं होतं. त्यावर 30 पट असं छापलेलं आणि दिवाही होता, पण मधलं टिकलीएवढं सोडलं तर सगळं धूसर, पानांच्या कडांना निळ्या-जांभळ्या रेघा. हे तीन काचा जोडून केलेलं आहे, त्यामुळे कडेपर्यंत स्वच्छ दिसतं. छापलेल्या आकड्यावर जाऊ नका.

धरायची रीत जमायला मला पंधरा दिवस लागले. भिंग डोळ्याशी लावायचं आणि पान जवळ आणायचं, जेमतेम एक इंचावर. हात गालाला टेकवला की चित्र स्थिर होतं.

पैसे वसूल झाले ते नेच्याच्या कुंडीवर. आमच्या दांडिया बाजारच्या घरात जिन्यापाशी नेचा टांगलेला आहे. पानामागे ओळीने तपकिरी ठिपके आले की मी खवले कीड समजून पानं कापायचे, वर कडुनिंबाचं तेल फवारायचे. किती वर्षं! भिंगातून पाहिलं तर प्रत्येक ठिपक्यावर राजम्याच्या आकाराचं नाजूक झाकण आणि त्याखाली बारीक गोळ्यांचा घोस. या बीजाणूंच्या पिशव्या; नेच्याला बिया नसतात, तो या बारीक बीजाणूंतूनच उगवतो. प्रत्येकीला जाड पेशींचं कडं असतं. वाळताना ते ताणत जातं, मग एकदम सुटतं आणि बीजाणू उडतात. पान टेबलावरच्या दिव्याखाली धरलं, तर गोळ्या टचकन उसळताना दिसल्या. मी श्वास रोखून बसले होते. त्या दिवसापासून कात्री बंद. खऱ्या खवले किडीला अशी शिस्त नसते. ती शिरांवर, देठावर कुठेही बसते, नखाने अख्खी निघते आणि पान बहुधा चिकट झालेलं असतं.

गणपतीत दुर्वांच्या जुड्या करताना तुरा आलेल्या काड्या आम्ही बाजूला टाकतो. त्यातली एक सहज उचलून पाहिली. मळकट वाटणाऱ्या तुऱ्यावर जांभळी पिसं फुललेली! वाऱ्यावरचे परागकण झेलायला ती तशी असतात. सासूबाईंना दाखवायला धावले, पण त्यांचा हात थरथरतो आणि चष्मा मध्ये येतो. वयस्कर माणसांना हे भिंग गैरसोयीचं आहे, हे सांगायलाच हवं. शेवटी मोबाइलच्या कॅमेऱ्यावर भिंग टेकवून फोटो काढला. त्या बराच वेळ बघत राहिल्या. "अगं बाई, आणि आपण हिला टाकून देतो?"

मोरीबाहेरच्या फटीत घोळ उगवते. तिचं पिकलेलं बोंड कुंकवाच्या करंड्यासारखं उघडतं, वरचं झाकण अलगद निघतं आणि आत काळं चकचकीत बी. एकदांडीचं एक फूल म्हणजे पुष्कळ फुलांचा गुच्छ, हेही आत्ता कळलं. मार्चच्या उन्हात जास्वंदीवर लाल कोळी आला, म्हणजे पानांचा रस शोषणारी कीड, जेमतेम अर्ध्या मिलिमीटरची; जाळी धरण्याआधीच दिसली. पानांच्या मागून रोज पाण्याचा फवारा मारला, आटोक्यात आहे.

भिंगाची बिजागरी थोडी सैल झालीय, बारीक स्क्रू आवळला की चालतं. सोबत दोरी येत नाही. मी काळा गोफ ओवला, कारण तिसऱ्याच आठवड्यात ते अळूच्या कुंडीत पडून दोन दिवस चिखलात होतं. काचेवर ओरखडा नाही.