जेमीटरचा रिमोट मोड: लोड सोडायला उत्तम, निकाल आणायला नाही

लोड टेस्टिंगमध्ये (म्हणजे सर्व्हरवर खोट्या यूजरची गर्दी सोडून तो किती झेपवतो ते बघण्यात) माझी अकरा वर्षं गेली, त्यातली बहुतेक जेमीटर या टूलसोबत. त्यामुळे हा रिव्ह्यू पहिल्या आठवड्याच्या उत्साहातला नाही आणि रागातलाही नाही. एका मशीनचा दम संपला की पाच-सहा मशीन जुंपावी लागतात. त्यापुढचं सगळं रिमोट मोडमध्ये जेमीटर स्वतःच सांभाळतो असं कागदावर दिसतं: हुकूम देणारा एक कंट्रोलर, लोड सोडणारे बाकीचे वर्कर, टेस्ट प्लॅन इकडून तिकडे जातो, निकाल तिकडून इकडे येतात. यातलं जाणं मला मनापासून आवडतं. येण्याबद्दल बोलायचंय.

आधी गुण. वर्करवर सर्व्हर सुरू करून ठेवायचा, कंट्रोलरवरून एक कमांड द्यायची, सहाही मशीन एकदम कामाला लागतात. थांबवायचं तेही तिथूनच. टेस्ट प्लॅन हातानं कॉपी करायला नको (डेटाच्या सीएसव्ही फाइली मात्र कराव्या लागतात, त्या तो नेत नाही). थ्रेडची (एक थ्रेड म्हणजे एक खोटा यूजर) संख्या दर मशीनमागे धरली जाते, वाटून दिली जात नाही. हे ठाऊक नसल्यानं १,००० थ्रेडच्या टेस्टमध्ये मी एकदा ६,००० सोडले होते. टीमला वाटलं, मुद्दाम केलं. मीही तसंच वाटू दिलं.

निकाल येतात जावाच्या आरएमआयवरून (एका मशीनवरच्या प्रोग्रॅमनं दुसऱ्या मशीनवरच्या प्रोग्रॅमशी बोलायची सोय), आणि माणसं फसतात ती परतीच्या रस्त्यावर. १०९९ पोर्ट उघडलं की झालं असं वाटतं. पण सॅम्पल (एकेका रिक्वेस्टच्या निकालाची नोंद) परत द्यायला वर्करला उलट कंट्रोलरशी कनेक्शन करावं लागतं, आणि ते पोर्ट एरवी दर वेळी वेगळं निघतं. ते सेटिंगमध्ये पक्कं करून फायरवॉलमध्ये उघडून घ्यायचं. कंट्रोलरला दोन नेटवर्क कार्डं असली की आणखी गंमत, कारण तो वर्करला भलताच पत्ता देऊन मोकळा होऊ शकतो. माझ्या एका वर्करच्या लॉगमध्ये ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’च्या पुढे १२७.०.०.१ दिसला. म्हणजे बिचारा कंट्रोलरला स्वतःच्याच घरात शोधत होता. आरएमआयच्या होस्टनेममध्ये खरा आयपी घातला आणि प्रश्न मिटला, पण तोवर दुपार गेली होती. जेमीटर ४.० पासून या कनेक्शनला एसएसएलही लागतं. कीस्टोअर (त्याच्या किल्ल्यांची फाइल) बनवा, सगळीकडे ठेवा. बंद नेटवर्कमध्ये मी ते सरळ बंद करते.

सॅम्पल कसं पाठवायचं याचे मोड आहेत, आणि खरी मेख तिथे आहे. आपण काहीच बदललं नाही तर स्ट्रिप्डबॅच चालतो: रिस्पॉन्सचा मजकूर काढून टाकायचा, १०० सॅम्पल साठली किंवा ६० सेकंद झाले की गठ्ठा रवाना. शहाणा पर्याय आहे. स्टँडर्ड मोड प्रत्येक सॅम्पल तिथल्या तिथे पाठवतो, आणि पाठवणारा थ्रेड तोच असतो जो तुमचा यूजर असल्याचं सोंग घेऊन उभा आहे. कंट्रोलर दमला की यूजर थांबतो, यूजर थांबला की लोड उतरतो, आणि ॲप्लिकेशन झकास चाललंय असा रिपोर्ट हातात पडतो. असिंक मोडमध्ये मधे रांग आहे, पण रांग भरली की तिथेही तेच. स्टॅटिस्टिकल मोड फक्त बेरजा पाठवतो, त्यातून सरासरी निघते, पर्सेंटाइल (शंभरातल्या पंच्याण्णव रिक्वेस्ट किती वेळाच्या आत आटोपल्या, असला आकडा) कायमचं जातं. डिस्कस्टोअर सगळं वर्करच्या डिस्कवर ठेवून रन संपल्यावर पाठवतो. हा मला फार आवडला होता, पण ती फाइल जावाची प्रोसेस बंद होताच पुसली जाते असं मॅन्युअलमध्ये वाचलं आणि उत्साह मावळला.

माझा नाद सुटला तो वेगळ्याच कारणानं. तीन तासांचा सोक टेस्ट (लोड बराच वेळ चालू ठेवायची टेस्ट) होता, कंट्रोलर माझ्या लॅपटॉपवर. अडीच तास झाले, मी मीटिंगला गेले आणि लॅपटॉप झोपला. चूक शंभर टक्के माझी. परत आले तेव्हा सहाही वर्कर चोख राबलेले होते, टार्गेट सर्व्हरच्या लॉगमध्ये त्यांचे ठसे होते, पण त्यांच्या स्वतःच्या डिस्कवर माझ्यासाठी ठेवलेलं काहीही नव्हतं. जे यायचं ते माझ्याकडेच यायचं होतं, आणि मी झोपले होते.

तेव्हापासून मी रिमोट मोड वापरत नाही. एसएसएचवरून (दुरूनच लॉगिन करून) प्रत्येक मशीनवर स्वतंत्र जेमीटर सुरू करते. ज्याची त्याची जेटीएल (निकालांची) फाइल त्याच्याच डिस्कवर, रन संपला की ओढून आणायची आणि जोडायची. जोडण्यातही दोन खड्डे आहेत. फाइली नुसत्या एकाखाली एक चिकटवल्या की शीर्षकाची ओळ मधे मधे पाच वेळा येते, आणि डॅशबोर्ड बनवताना वेळेच्या रकान्यात आकड्याऐवजी ‘टाइमस्टॅम्प’ हा शब्दच सापडतो. पहिलीची ओळ ठेवा, बाकीच्यांची उडवा, मग वेळेनुसार लावून घ्या. शिवाय रिमोट मोडमध्ये थ्रेडच्या नावाआधी मशीनचं नाव लागतं, या पद्धतीत लागत नाही. सहा मशीनवरचे सहा ‘थ्रेड ग्रुप १-१’ डोळ्यांना जुळे दिसतात. होस्टनेम सेव्ह करायची सेटिंग मुळात बंद असते, ती चालू केली की वेगळा रकाना मिळतो.

दुसरा खड्डा घड्याळाचा. जोडलेल्या आलेखात सुरुवातीला एक पायरी आणि शेवटी बारीकशी शेपटी दिसत होती: पाच मशीन थांबल्यावरही चाळीस सेकंद थोडे रिक्वेस्ट चालूच. अर्धा दिवस मी डेव्हलपरना ‘कुठेतरी रिट्राय चाललेत’ म्हणून छळलं. निघालं काय, तर एका मशीनचं घड्याळ चाळीस सेकंद पुढे. रिस्पॉन्स टाइम बरोबरच होते, कारण तो फरक ज्या त्या मशीनवरच मोजला जातो. बिघडला होता फक्त काळाचा आडवा अक्ष. आता रनआधी घड्याळं जुळवणाऱ्या क्रोनीचा ऑफसेट (घड्याळातला फरक) सगळीकडे बघते. त्या डेव्हलपरना मी सॉरी म्हटलंय.

आणि पर्सेंटाइलची सरासरी काढणाऱ्यांनो, कृपा करा. ‘अ’ मशीनची ९,००० सॅम्पल, सगळी २०० मिलिसेकंदांच्या आत, पंच्याण्णवावं पर्सेंटाइल १८०. ‘ब’ मशीनची १,०००, सगळी ३ सेकंदांच्या वर, पर्सेंटाइल ४,०००. सरासरी काढली की २,०९०. एकाही रिक्वेस्टला २,०९० मिलिसेकंद लागलेले नाहीत! खरा आकडा हवा तर १०,००० सॅम्पल क्रमानं लावून ९,५०० वं बघा. ते ‘ब’च्या बरोबर मध्यावर येतं, म्हणजे ३ सेकंदांच्या वरच. जेमीटरचा बॅकएंड लिसनर प्रत्येक मशीनवरून थेट इन्फ्लक्सडीबी या डेटाबेसमध्ये आकडे टाकतो, पण पर्सेंटाइल ज्या त्या मशीनवरच काढून टाकतो. रन चालू असताना नजर ठेवायला मी तो वापरते, रिपोर्टात घेत नाही.

लोकस्ट हे दुसरं लोड टेस्टिंग टूल इथे हुशार निघालं. त्याचे वर्कर दर तीन सेकंदांनी मास्टरला (म्हणजे त्याच्या कंट्रोलरला) कच्ची सॅम्पलही देत नाहीत आणि तयार पर्सेंटाइलही नाही. अमुक रिस्पॉन्स टाइम इतक्या वेळा, अशी मोजदाद देतात. १४७ चे १५० होतात, ३,४३२ चे ३,४००, म्हणून यादी आटोपशीर राहते. मोजदादींची बेरीज करता येते, त्यामुळे एकत्र काढलेलं पर्सेंटाइल खरं असतं, फक्त थोडं गोल केलेलं. पण अमुक मिनिटाला नेमकी कोणती रिक्वेस्ट अडली हे नंतर उकरायला जाल तर कच्चा माल मुळात ठेवलेलाच नसतो. मला उकरायचं असतं. गॅटलिंग या तिसऱ्या टूलच्या जुन्या आवृत्त्यांमध्ये तर प्रत्येक मशीनचा लॉग रिपोर्टविना काढून, एका फोल्डरात टाकून, एकदाच रिपोर्ट बनवायची रीत दिलेली होती. माझ्या पद्धतीचीच बहीण.

रेटिंग द्यायचं तर रिमोट मोडला पाचपैकी तीन. छोटे रन, एकाच सबनेटमधली मशीन, जेमीटर आणि जावाची आवृत्ती सगळीकडे एकच असेल तर मूळच्या सेटिंगवर बिनधास्त वापरा. तासन्‌तास चालणाऱ्या रनला नको. जोडणाऱ्या स्क्रिप्टमध्ये मी हल्ली सगळ्यात आधी प्रत्येक फाइलच्या ओळी मोजून छापते. गेल्या वेळी पाच फाइली चार लाखांच्या आसपास होत्या आणि सहावी एकोणीस हजारांची. डिस्क भरली होती, जेमीटरच्या जुन्या लॉगनीच. तो रन मी पुन्हा घेतला.